पस्तीसची सायकल पंचवीसवर आणताना

मुलगी अकरावीत गेली आणि बावधनहून कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजात रोज जाण्यायेण्याचा प्रश्न उभा राहिला. जाताना चांदणी चौकातून पौड रस्त्याचा उतार लागतो, त्यामुळे साधी सायकलही चालली असती. परंतु दुपारच्या उन्हात पाठीवर दप्तर घेऊन तोच चढ चढून येणे तिला झेपण्यासारखे नव्हते. अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून दीड वर्ष असल्यामुळे स्कूटरचा विषय आम्ही काढलाच नाही. गेल्या जूनमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांकडून दोन वर्षे वापरलेली इलेक्ट्रिक सायकल घेतली. २६ इंची चाके, मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर आणि ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी, असा तो ऐवज. किल्ली हातात देताना त्या गृहस्थांनी आपुलकीने सांगितले, "मागच्या वर्षी कंट्रोलर गेला होता. दुकानदाराने नवा टाकला आणि लिमिटही काढून दिलं. आता पस्तीसला पळते बघा."

कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा भाग. सायकल घरी आली तरी त्या गृहस्थांचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी भोसरीतल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे तपासण्याचे काम करतो. एखाद्या यंत्रावरची मर्यादा काढून टाकली आहे असे कोणी सांगितले, की ती मुळात कशासाठी घातली होती हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

इलेक्ट्रिक सायकलीला नोंदणी, नंबर पाटी, परवाना आणि विमा लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती सूट कोणत्या अटींवर मिळते, हे मात्र फार थोडे जण वाचतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २ (यू) नुसार दुचाकी बॅटरी वाहनाला 'मोटार वाहन' मानले जात नाही, ते काही ठरावीक अटी पूर्ण झाल्या तरच. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा आणि बॅटरी सोडून वाहनाचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. पॅडल मारताना मोटरची साथ देणाऱ्या सायकलींसाठी नियमाची भाषा आणखी नेमकी आहे: वेग ताशी २५ कडे जाईल तशी मोटरची मदत क्रमाक्रमाने कमी होत जावी आणि त्या वेगाला, किंवा त्याआधी स्वाराने पॅडल मारणे थांबवले तर तेव्हाच, ती पूर्णपणे बंद व्हावी. ब्रेक योग्य हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा. या साऱ्या गोष्टी अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या असाव्या लागतात. अशा संस्थांपैकी एआरएआय ही संस्था आमच्यापासून फार लांब नाही. वेताळ टेकडीला कोथरूडकडची माणसे 'एआरएआयची टेकडी' म्हणतात, ते तिच्यामुळेच.

यातला 'तीस मिनिटांची शक्ती' हा शब्दप्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे. चढावर काही क्षण २५० वॅटच्या मोटरने चारशे वॅट घेतले तर नियमभंग होतोच असे नाही, कारण नियमातला आकडा मोटर सलग अर्धा तास किती शक्ती देऊ शकते याविषयी आहे. वेगाच्या आकड्याला मात्र अशी सवलत नाही. ताशी २५ ही मोटरच्या मदतीची मर्यादा आहे. पायाच्या जोरावर किंवा उतारावर सायकल त्यापुढे गेली तर तो मोटरचा दोष नव्हे. चांदणी चौकातून कोथरूड डेपोकडे उतरताना साधी सायकलसुद्धा सहज तिशी ओलांडते, आणि तिथे आवर घालण्याचे काम ब्रेकचे आणि स्वाराच्या समजुतीचे असते.

आता ही मर्यादा कोणी काढून टाकली, तर त्या सायकलीचे काय होते? अट मोडल्याबरोबर सूट संपते आणि सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते, तेही विनानोंदणी आणि विनाविमा. चालवणारी मुलगी साडेसोळा वर्षांची, म्हणजे विनापरवाना. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. त्याच दुरुस्तीतले कलम १८२ अ वाहनात परवानगीशिवाय फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. मला मात्र दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटली. माझ्या मुलीच्या सायकलीची धडक बसून उद्या एखाद्या आजोबांचे खुब्याचे हाड मोडले, तर त्यांच्या उपचाराचा खर्च उचलायला कोणतीही विमा कंपनी पुढे येणार नाही आणि आपली सायकल पस्तीसने धावत होती हे मला नाकारताही येणार नाही.

मुलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आमच्या कॉलेजात सगळ्यांच्या तशाच आहेत. पंचवीसवर रिक्षावाले मागून हॉर्न मारत बसतात." तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते मी उडवून लावले नाही. रहदारीपेक्षा सावकाश चालणाऱ्याला मागून ताण सोसावा लागतो, हे मी रोज पाहतो. पण सायकलीचे ब्रेक, टायर आणि फोर्क सायकलीचेच असतात. हालचालीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे २५ वरून ३५ वर गेल्यावर ती जवळजवळ दुप्पट होते. समोर कोणी आल्यावर ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि ब्रेक बऱ्यापैकी चांगले असले, तरी ढोबळ हिशेबाने पंचविसावर साधारण १३ मीटरमध्ये थांबणारी सायकल पस्तिसावर २१ मीटरपर्यंत जाते. आठ मीटरच्या या फरकात झेब्रा पट्टे सहज मावतात. हा हिशेब मी तिला वहीत करून दाखवला, आणि ती गप्प झाली तेव्हा मी विषय पुढे ताणला नाही.

मग प्रत्यक्ष कामाला लागलो. आधी सायकल खरोखर किती वेगाने जाते हे मोजायचे होते. रविवारी सकाळी सहा वाजता आमच्या भागातल्या एका सरळ, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर मोबाइल हँडलला बांधून मी स्वतः सायकल चालवली. मोबाइलवरचा जीपीएसचा वेग स्थिर व्हायला काही सेकंद लागतात, त्यामुळे एकाच वेगाने किमान दोनशे मीटर जावे लागते. वाऱ्याचा आणि अदृश्य चढ-उताराचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांना प्रत्येकी तीन फेऱ्या मारल्या. जीपीएस ३५ दाखवत होता आणि सायकलीचा डिस्प्ले २७. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवा होता, पण माझे सगळे लक्ष पस्तिसाच्या आकड्याकडे होते.

बॅटरी निम्म्याहून खाली आल्यावर संध्याकाळी पुन्हा मोजले, तर वेग २९ च्या आसपास आला. या एका निरीक्षणावरून मर्यादा आहे की नाही हे ओळखता येते. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते आणि उतरत्या अवस्थेत ३५ किंवा त्याहूनही खाली येते. मोकळी सोडलेली मोटर या व्होल्टेजच्या प्रमाणात फिरते. कंट्रोलरमध्ये मर्यादा लागू असेल, तर बॅटरी भरलेली असो वा निम्मी, वेग एकाच आकड्याशी अडतो. आमच्या सायकलीचा वेग बॅटरीबरोबर खालीवर होत होता, म्हणजे तिला अडवणारे काहीच नव्हते.

दुकानदाराने बसवलेला डिस्प्ले बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्रकारचा होता. वर-खालीची दोन्ही बटणे एकदम दाबून धरली की त्याची आतली यादी उघडते. आमच्या डिस्प्लेत 'पी ०८' हा कप्पा वेगमर्यादेचा आहे आणि त्यात १०० भरले होते, ज्याचा अर्थ मर्यादा नाही असा होतो. तिथे २५ भरले, सायकल बंद करून पुन्हा सुरू केली आणि काम झाले असे समजून दुसऱ्या दिवशी पहाटे परत रस्त्यावर गेलो. डिस्प्लेवर २५ चा आकडा येताच मोटर बंद पडली. मोबाइल मात्र ३२ दाखवत होता.

येथे माझ्या रोजच्या कामाची सवय उपयोगी पडली. वाचन आणि सत्य यांत ठरावीक प्रमाणात फरक असेल, तर चूक बहुधा मापाच्या एककात असते. घरी येऊन सायकल उलटी केली, घड्याळाचा सेकंद काटा समोर ठेवला आणि मागचे चाक हाताने दर सेकंदाला बरोबर एक फेरा या गतीने फिरवत राहिलो. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणजे या गतीला डिस्प्लेवर साडेसात यायला हवे. आकडा पावणेसहाच्या आसपास घुटमळत राहिला. 'पी ०६' हा चाकाच्या व्यासाचा कप्पा उघडून पाहिला, तर त्यात २० इंच भरलेले होते. नवा डिस्प्ले ज्या आकड्यानिशी खोक्यातून निघाला, तो आकडा कोणी बदललाच नव्हता. वीस इंची चाकाचा घेर १.६ मीटर धरून तो वेग काढत होता, म्हणून खरा वेग ३२ झाला तरी त्याच्या लेखी तो पंचवीसच होता. मागच्या मालकांनी सांगितलेला पस्तीसचा आकडा दुकानदाराने मोबाइलवरच दाखवला असणार.

मग घेर प्रत्यक्ष मोजला. पार्किंगमध्ये फरशीवर एक रेघ मारली, टायरवर व्हॉल्व्हच्या जागी खडूने खूण केली आणि मुलीला सायकलवर बसवले, कारण स्वाराच्या वजनाने टायर किंचित दबतो आणि घेर कमी होतो. सायकल हळूहळू ढकलत चाकाचे तीन पूर्ण फेरे होऊ दिले. टेप लावला तेव्हा अंतर ६ मीटर १५ सेंटिमीटर भरले, म्हणजे एका फेऱ्याला २.०५ मीटर. व्यासाच्या कप्प्यात २६ भरल्यावर डिस्प्ले घेर २.०७ च्या थोडा वर धरतो, त्यामुळे तो २५ दाखवतो तेव्हा खरा वेग २४.७ असतो. नियम 'पंचवीसपेक्षा कमी' असे म्हणतो, तेव्हा ही किंचित चूक आपल्या बाजूची आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर खरा वेग आणखी थोडा खाली जातो. टायर बदलून जाड घातला, तर मात्र घेर वाढतो आणि मोजणी पुन्हा करावी लागते.

तिसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत मोबाइलवर २४ आणि २५ यांच्यामध्येच आकडे येत राहिले. वेग बसला होता, पण सायकल चालवायला वाईट झाली होती. बाजारातला हा कंट्रोलर २५ ला मोटर एकदम तोडत असे आणि वेग २३ वर आला की पुन्हा पूर्ण जोराने जोडत असे. सपाट रस्त्यावर दर दोन-चार सेकंदांनी पाठीमागून कोणी ढकलल्यासारखा झटका बसे. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर असा झटका मुलीला बसू नये असे मला मनापासून वाटत होते. नियमातल्या 'क्रमाक्रमाने कमी होत जावी' या शब्दांचा अर्थ मला तेव्हा हाताला आणि पाठीला कळला. विजेची मर्यादा 'पी १४' या कप्प्यात १५ अँपिअरवरून ९ वर आणली, तेव्हा झटका सौम्य झाला. ३६ गुणिले ९ म्हणजे ३२४ वॅट बॅटरीतून जातात, उष्णतेत जाणारा भाग वजा केला की चाकाला अडीचशेच्या आसपास मिळतात. तरीही तोडणे आणि जोडणे चालूच राहिले.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. मी दोन बटणे दाबून जी मर्यादा घातली, ती कॉलेजातला कोणताही मित्र दोन बटणे दाबून काढू शकत होता. शिवाय चाचणी संस्थेची मान्यता त्या मॉडेलला मिळाली होती ती मूळ कंट्रोलरसह. दुसरा कंट्रोलर घातलेली सायकल वेगाने बरोबर असली, तरी कागदावरच्या सायकलीशी तिचा मेळ बसत नव्हता. म्हणून ज्या दुकानदाराने तो बसवला होता त्याच्याकडे गेलो. तो उर्मट वगैरे नव्हता, चहा विचारणारा मोकळा माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, पंचवीसवाली कोण घेतंय? गिऱ्हाईक आधी विचारतं, लिमिट निघेल का?" मला त्याचा राग आला, आणि अजूनही आहे. राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा फेरबदलांविरुद्ध कारवाईचे आदेश दिले होते. वाहन विकणारा माणूस कायदा जाणतो. सोळा वर्षांची मुलगी जाणत नाही, आणि पकडली जाते ती मुलगी.

आइंडहोवेनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाशी याविषयी बोलणे झाले, तेव्हा त्याने तिकडची रीत सांगितली. युरोपातही सायकलींसाठी २५० वॅट आणि ताशी २५ हीच मर्यादा आहे, आणि नेदरलँड्समध्ये पोलीस रस्त्यातच रोलर मांडून त्यावर सायकलीचे चाक फिरवून वेग तपासतात. डिस्प्लेवर काय लिहिले आहे हे तिथे कोणी विचारत नाही. मला ही पद्धत फार पटली. आपल्याकडे चौकात उभ्या असलेल्या हवालदाराकडे असे साधन नसेल, तर मर्यादा काढलेली सायकल आणि नियमातली सायकल त्याने ओळखायची तरी कशी?

अखेर सायकल बनवणाऱ्या कंपनीला सांगाड्याचा क्रमांक कळवून मूळ कंट्रोलर आणि डिस्प्ले मागवला. तो यायला तीन आठवडे लागले आणि खर्च साडेचार हजारांच्या घरात गेला. तोवर मी बसवलेल्या मर्यादेवरच सायकल चालली. मूळ मॉडेलला थ्रॉटल, म्हणजे पॅडल न मारता मूठ पिळून मोटर चालवण्याचे साधन, नव्हते, दुकानदाराने ते वरून जोडले होते. तेही काढून टाकले. मुलीला त्याचे सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण सिग्नल सुटल्यावर थ्रॉटल पिळून निघणे सोपे जात असे. पुढचा पांढरा परावर्तक कधीतरी तुटून गेला होता, तो पंचवीस-तीस रुपयांत नवा मिळाला. ब्रेकचे रबर बदलले आणि ब्रेक दाबताच मोटर तोडणारा स्विच नीट चालतो ना, हे चाक वर उचलून दहा वेळा पाहिले. दहाही वेळा मोटर तत्काळ थांबली.

मूळ कंट्रोलर बसवल्यानंतरची पहिली फेरी मी बॅटरीच्या तारेत वॅटमीटर जोडून मारली. वेग वीसपर्यंत असताना मीटर ७ अँपिअरच्या आसपास होता. एकवीस-बावीसनंतर तो उतरू लागला, तेविसाला ४ वर आला, आणि मोबाइलवर २५ चा आकडा येण्याच्या जरा आधी शून्यावर गेला. झटका नाही, धक्का नाही. मोटरचा बारीक घूं आवाज हळूहळू विरत जातो आणि सायकल हलकेच आपल्या पायांवर येते. बॅटरी भरलेली असताना आणि निम्मी असताना, दोन्ही वेळा आकडा तोच आला. या डिस्प्लेच्या यादीत वेगमर्यादेचा कप्पाच नाही.

एक फायदा मी आधी धरला नव्हता. हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. माझ्या अंदाजी हिशेबाने सपाटीवर पंचविसाने जायला सारे मिळून दीडशे वॅट लागतात, तर पस्तिसाला साडेतीनशेच्या आसपास. त्यात वाटा मुलीच्या पायांचाही असतो, परंतु तो काही दुप्पट होत नाही. वाढलेला सगळा भार बॅटरीवर पडतो. पूर्वी एक दिवसाआड चार्जिंग करावे लागत असे, आता ते तीन दिवसांनी करावे लागते. कॉलेजला पोहोचायला किती वेळ जास्त लागतो हेही तिच्याच मोबाइलवर पाहिले. सिग्नल आणि गर्दी धरून फरक चार मिनिटांचा आहे, आणि ती आता घरातून पाच मिनिटे आधी निघते.

परवा संध्याकाळी पौड रस्त्याच्या चढावर मी स्कूटरवरून तिच्या मागेमागे आलो. चढाला सायकल सोळा-सतराने चालली होती, म्हणजे मर्यादेचा प्रश्नच नव्हता आणि मोटर आपली पूर्ण मदत देत होती. ती डाव्या कडेने, न उठता, एका लयीत पॅडल मारत होती. मागून आलेल्या एका रिक्षाने हॉर्न दिला, तिने हात बाहेर काढून त्याला पुढे जाण्याची खूण केली, आणि रिक्षा बाजूने निघून गेली.